पडदा बंद, डबा चालू

रेश्मा: नाही अण्णा, तसलं काहीच केलं नाही मी. पाणी सांडलं नाही, कॉम्प्युटरचा डबा पाडला नाही, नको ती बटणं दाबली नाहीत.

गुरुसिद्धप्पा: आक्का, मी अजून काय विचारलंच नाही की.

रेश्मा: विचारणार होता. मागच्या खेपेला पहिलं तेच विचारलं होतं तुम्ही.

गुरुसिद्धप्पा: मागच्या खेपेला काय निघालं होतं?

रेश्मा: कॅप्स लॉक. म्हणून पासवर्ड घेत नव्हता.

गुरुसिद्धप्पा: आणि त्याच्या आधी?

रेश्मा: पडद्याची वायर सुटली होती. झाडताना मीच ओढली असणार.

गुरुसिद्धप्पा: म्हणजे दोन्ही वेळा कॉम्प्युटर बिघडलाच नव्हता. वायर खोचली, बटण दाबलं, झालं. ठेवा तो डबा हितं टेबलावर. दमानं, कोपरा लागंल. ह्या अव्वा कोण?

रेश्मा: सासूबाई माझ्या. रिक्षात एकटीला हे धूड धरता येईना, म्हणून आल्यात.

महानंदा: धराय न्हाय आले. खरं सांगावं मानसानं. माज्या ल्योकानं, दिग्विजयनं, लावून दिलंय मला. म्हनला, आये, तू जा संगं, आन् दुकानदाराला नीट इचारून ये, चूक मशिनीची का हिची.

गुरुसिद्धप्पा: आणि कळल्यावर काय करणार?

महानंदा: हिची निगाली तर मशीन इकायची. मोहोळचा येडू हाय, त्याचा दोस्त. सांच्याला टेंपो घिऊन येनार हाय त्यो.

रेश्मा: आत्या, हे सगळं दुकानात सांगायची गरज होती का?

महानंदा: डाक्टरला पोटातलं सांगाय लागतंय की.

गुरुसिद्धप्पा: बसा अव्वा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय मोडलाय. दुरुस्तीच्या दुकानात बसायची जागा कधी दुरुस्त नसती. स्टुलावर बसा. हां आक्का, आता सांगा, काय होतंय?

रेश्मा: सोमवारी संध्याकाळी घरी आले आणि चालू केला. चिन्ह येतं, खाली टिपके गोल गोल फिरतात, मग इंग्रजीत लिहून येतं की दुरुस्त करतोय. बराच वेळ करतो, बंद पडतो आणि परत पहिल्यापासून. तेव्हापासून हेच चाललंय. मी हात जोडून बसले त्याच्यापुढं.

गुरुसिद्धप्पा: हात जोडून काय होत नाही. मागच्या दसऱ्याला एकानं आपल्या कॉम्प्युटरवर हळदीकुंकू वाहिलं, अंगारा लावला, वर झेंडूची फुलं खोचली. सगळं आत पंख्यात गेलं. अजून कॉम्प्युटर चालू केला की दुकानात जत्रेचा वास येतोय त्याचा.

महानंदा: पूजा करू नी व्हय?

गुरुसिद्धप्पा: करावी की. लांबनं करावी. आक्का, ह्यात काय अडकलंय तुमचं?

रेश्मा: भूगोलाचा पेपर. दहावीच्या क्लासचे पेपर टाइप करून देते मी. सर हातानं लिहून देतात, मी मराठीत टाइप करते. उद्या सकाळी द्यायचाय, शनिवारी पोरांची परीक्षा आहे. सर म्हणालेत, ह्या वेळी उशीर झाला तर मी दुसरं कोणी बघतो.

गुरुसिद्धप्पा: ह्या वेळी म्हणजे? आधी पण झाला होता?

रेश्मा: सारखाच होतोय. टाइप केलेलं नाहीसं होतं, अण्णा. आज बघितलं तर आहे, उद्या बघितलं तर नाही. मग परत बसायचं, परत सगळं टाइप करायचं. ह्यांना वाटतं माझं लक्ष नसतं. म्हणतात, तुझं काम नव्हे ते, कशाला जिवाला त्रास करून घेतीस. आता मलाही तसंच वाटायला लागलंय, खरं सांगायचं तर. मोहोळला असताना टायपिंगच्या क्लासात पहिली यायची मी. सर दुसऱ्या पोरींना माझी बोटं बघायला सांगायचे. आणि आता स्वतः टाइप केलेली चार पानं राखता येत नाहीत मला.

महानंदा: रडती ही. कीबोर्डावर डोकं ठिवून रडती.

रेश्मा: आत्या.

महानंदा: खोटं हाय का?

गुरुसिद्धप्पा: कीबोर्डावर रडू नका आक्का, बटणं चिकटतात. बरं, एक सांगा. काम झालं की बंद कसा करता हे?

रेश्मा: बटण दाबून.

गुरुसिद्धप्पा: कुठलं बटण?

रेश्मा: पडद्याचं. खाली उजवीकडं बारकं आहे की. दाबलं की दिवा जातो, पडदा काळा होतो. झालं बंद.

गुरुसिद्धप्पा: आणि ह्या डब्याचं?

रेश्मा: डब्याचं कशाला? पडदा बंद म्हणजे सगळंच बंद की. सकाळी परत दाबलं की रात्रीचं जिथल्या तिथं असतं. अर्धी ओळ सोडून उठले असले तर अर्ध्या ओळीवरच उभं असतं बिचारं.

गुरुसिद्धप्पा: मधनं मधनं सेव्ह करता का?

रेश्मा: पेपर पूर्ण झाला की करते. मधी कशाला? जातंय कुठं? म्हणजे, जायला नको होतं.

गुरुसिद्धप्पा: आक्का, नीट ऐका. पडदा म्हणजे नुसती काच. दाखवायचं काम त्याचं. लिहितोय, राखतोय, डोकं चालवतोय तो हा डबा. तुम्ही काच झाकत होता. डबा चालूच होता.

रेश्मा: रात्रीचा पण?

गुरुसिद्धप्पा: रात्रीचा, दिवसाचा, सणासुदीचा. घरी नेल्यापासून हा आपल्या मनानं एकदा पण झोपला नसणार.

महानंदा: तेच म्हनत हुते मी.

रेश्मा: तुम्ही काय म्हणत होता?

महानंदा: घुमतोय म्हनून. रातच्याला सगळं निजलं की आयकू येतंय मला. घूं घूं करतंय. माजी वाकळ त्याच टेबलाखाली असती न्हवं? दिग्विजयला सांगितलं बी. त्यो म्हनला, आये, झोप, म्हातारपनी कान वाजत्यात.

गुरुसिद्धप्पा: कान चांगले आहेत तुमचे.

रेश्मा: म्हणजे माझंच चुकलं. इतकी साधी गोष्ट. आत्या, सांगा त्यांना घरी जाऊन, हिला बंदसुद्धा करता येत नाही म्हणून. येडूभावजींना टेंपो लवकर आणायला सांगा.

गुरुसिद्धप्पा: थांबा की. नुसता चालू ठेवला म्हणून हे असं बसत नाही. गरम होतो, धूळ ओढतो, तेवढंच. माझ्या दुकानातला हा कोपऱ्यातला बघा, दोन-दोन आठवडे बंद करत नाही मी. हा जो आजार आहे तो वेगळा आहे. आत काहीतरी काम चालू असताना कोणीतरी मागनं लाइट काढलीय. एकदा-दोनदा सहन केलं ह्यानं, शेवटी बसला.

रेश्मा: लाइट जाते आमच्याकडं.

गुरुसिद्धप्पा: कोणाकडं जात नाही? पण टाइप केलेलं जे नाहीसं व्हायचं, ते कधी व्हायचं? आठवून सांगा.

रेश्मा: कधीही. असं नाही. थांबा. रविवारी रात्री बराच वेळ बसते मी, ह्यांची सुट्टी असते, पोरगी त्यांच्याजवळ झोपते. भरपूर होतं रविवारी. आणि सोमवारी दिवसभर सरांकडं जावं लागतं, क्लासला, तिथं नोट्स काढायच्या, पोरांची हजेरी. संध्याकाळी येऊन बटण दाबते तर पडदा काळाच. मग डब्याचं मोठं बटण दाबून चालू करावा लागतो, आणि रविवारचं सगळं गेलेलं असतं.

गुरुसिद्धप्पा: दर सोमवारी?

रेश्मा: होय. आता बोलताना लक्षात येतंय. सोमवारीच.

गुरुसिद्धप्पा: सोलापुरातली लाइट मी लहानपणापासनं बघतोय आक्का. मंगळवारी जाते, शुक्रवारी जाते, लग्नाच्या मुहूर्ताला तर हमखास जाते. पण वार बघून जाणारी लाइट काय अजून बघितली नाही.

महानंदा: लाइट जात न्हाय. मी बंद करते.

रेश्मा: काय?

महानंदा: भिताडावरचं बटन. सोमवारी तू क्लासला गेलीस की बंद करते. दिवं लावायच्या वक्ताला परत चालू करते.

रेश्मा: कशासाठी, आत्या?

महानंदा: सोमवार असतोय की त्यो. आमच्या वैरागकडं सोमवारी बैलाच्या मानंवर जू ठिवत न्हाईत. नांगरट किती बी आडू दे. महादेवाचा वार त्यो. राबनाऱ्या जितराबाला आटवड्यातनं एक दिस मोकळा पायजे का न्हाय? तुज्या ह्या डब्याला बगते तर रात न्हाय, दिस न्हाय. पाटीवर हात लावून बगितला तर तापल्याला. धापा टाकल्यागत चाललंय. मला दया आली.

गुरुसिद्धप्पा: कॉम्प्युटरची?

महानंदा: मग कुनाची?

रेश्मा: आत्या, यंत्र आहे ते. त्याला जीव नाही.

महानंदा: हिरीवरची मोटर काय जित्ती असती? ती तापली की बंद करत्यातच की. न्हाय केली तर जळती. मग हे जळू नी म्हनून मी काळजी केली तर माजं काय चुकलं?

गुरुसिद्धप्पा: अव्वा, विसावा द्यायला पाहिजे होता, हे बरोबर. बंद करायची रीत चुकली. बैलाला सोडताना आधी गाडी थांबवतोय ना आपण? का पळत्या गाडीचं जू काढतोय?

महानंदा: पळत्या गाडीचं कसं काडतील? मान मोडंल जनावराची.

गुरुसिद्धप्पा: तेच झालं बघा.

महानंदा: आस्सं हाय व्हय.

रेश्मा: मी मघापासून ऐकतेय, आणि मला राग येतोय, आत्या. खूप राग येतोय. पावसाळ्यापासून हे चाललंय. दर सोमवारी मी त्या डब्यापुढं बसून रडत होते आणि तुम्ही शेजारी लसूण सोलत बसत होता. मला वाटायचं मला विसर पडायला लागलाय. माझी आई म्हणाली, लेकीला एकदा दवाखान्यात दाखवा. एका शब्दानं सांगितलं असतं तर?

महानंदा: काय सांगायचं? मला काय ठावं, बटन बंद केलं की लिवल्यालं जातंय म्हनून? दिवा इजवला तर वहीतलं जातंय व्हय?

गुरुसिद्धप्पा: जात नाही.

महानंदा: मग? आन् कुनी इचारलं का मला? तुमी दोगं भांडत हुतासा. ह्यो म्हनायचा तुजं ध्यान नव्हतं, तू म्हनायचीस मशीनच कसली. आये, तुला काय ठावं हाय का, आसं एकानं बी न्हाय इचारलं.

रेश्मा: नाही विचारलं. खरं आहे. पण बैलाला सोमवार, डब्याला सोमवार. मी सोमवारी पहाटे उठून सगळ्यांचे जेवणाचे डबे करून क्लासला पळते. तिथून आले की भाकरी, भांडी, पोरीचा अभ्यास, मग परत टाइप करायला बसते. तापलेला डबा तुम्हाला हाताला लागला. माझी दया नाही आली कधी?

महानंदा: न्हाय आली.

रेश्मा: बघा.

महानंदा: खोटं कशाला सांगू. न्हाय आली. मला माज्या सासूनं सोमवार कवा दिला न्हवता. बाळतपनातनं उटले ती थेट खुरपायला. बैल गोट्यात बसल्याला असायचा सोमवारचा, आन् मी त्याला वैरन टाकायची. मला वाटायचं, बाईला नसतोयच सोमवार. तसंच असतंय, असं धरून चालले मी.

गुरुसिद्धप्पा: आक्का, तो पंखा जरा हिकडं फिरवा. घाम पडतोय वायरीवर.

रेश्मा: फिरवते. पेपर मिळंल का, अण्णा?

गुरुसिद्धप्पा: ह्याची हार्डडिस्क काढून माझ्या मशीनला जोडलीय. हे बघा. जुने पेपर आहेत सगळे. इतिहास, विज्ञान भाग एक, भाग दोन. हे लग्नाचे फोटो आहेत. हे काय, भाकरीचे फोटो?

रेश्मा: पोरीनं काढलेत. भूगोल बघा ना.

गुरुसिद्धप्पा: भूगोल तुम्ही सेव्हच केला नव्हता. पण हे टायपिंगचं सॉफ्टवेअर शहाणं असतं, अधनंमधनं आपली एक नक्कल बाजूला ठेवतं. सापडली तर सापडली. थांबा. हे काय? ‘ब्राझीलमधील पर्जन्याचे वितरण’.

रेश्मा: हेच. हेच ते. खाली जावा. गाळलेल्या जागा, जोड्या लावा. आणि पुढं?

गुरुसिद्धप्पा: पुढं नाही. ब्राझीलपाशी संपलं.

रेश्मा: भारत गेला सगळा. नकाशाचे प्रश्न, आलेख, मोठी उत्तरं.

गुरुसिद्धप्पा: अर्धा पेपर तर वाचला. बाकीचा रात्रीत होईल?

रेश्मा: बसले तर होईल. डबा घरी असला आणि मला बसायला मिळालं तर.

गुरुसिद्धप्पा: डबा दिवे लागायच्या आत देतो. तुमचं सगळं माझ्या मशीनवर काढून ठेवलंय, डिस्क परत डब्यात बसवून विंडोज टाकतोय नवं. ते होईस्तोवर हिकडं बघा, माझ्या मशीनवर दाखवतो. कोपऱ्यात ही खिडकी. ह्याच्यावर बाण न्यायचा, दाबायचं. हे गोल चिन्ह दिसतंय? त्याच्यावर दाबलं की तीन नावं येतात. त्यातलं ‘शट डाउन’. मग तो आपलं आवरतो, झाडतो, पुसतो, आणि आपण होऊन झोपतो. डब्यावरचा दिवा गेला, घूं घूं थांबलं, की मग भिंतीचं बटण. त्याच्या आधी भिंतीला हात नाही.

महानंदा: म्हंजे बंद कराय बी त्याला इचारायचं.

गुरुसिद्धप्पा: होय अव्वा. आणि उठायच्या आधी कंट्रोल धरून एस. दर दोन-चार ओळींनी. पदराची गाठ मारल्यासारखं.

रेश्मा: कंट्रोल, एस. मोहोळला शिकवलं होतं. मशीन कधी बंदच होत नव्हतं, म्हणून हळूहळू सुटलं.

महानंदा: अण्णा, एक इचारू का? दिग्विजयचा फोन यील आता. त्याला काय सांगनार?

गुरुसिद्धप्पा: विचारंल तेवढं.

महानंदा: लाइट गेली म्हना की.

गुरुसिद्धप्पा: अव्वा.

महानंदा: मागं मिक्सर जाळला मी. पानी घालून चटनी फिरवत हुते, तसाच ठिवला चालू आन् दारात भाजीवाली आली. तवाच म्हनला हुता, आये, परत कशाला हात लावलास तर वैरागला थोरल्याकडं पोचवतो तुला. थोरल्याकडं माजं जमत न्हाय. तितं मला दळनाबिगर काय काम बी न्हाय, आन् कुनी बोलत बी न्हाय. हितं निदान नात हाय.

रेश्मा: मग माझी चूक म्हणून सांगा. तेच सोपं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी.

महानंदा: तुजी सांगितली तर मशीन जातीया. माजी सांगितली तर मी जाते. म्हनून तर म्हनते, लाइट गेली म्हना.

गुरुसिद्धप्पा: मी खोटं सांगत नाही. पण लाइट गेली होती, हे खोटं नाही. कोणी घालवली ते त्यांनी विचारलं तर मग बघू. वाजतोय बघा तुमचा फोन.

महानंदा: हॅलो. थांब, स्पीकर लावते, त्याबिगर मला आयकू येत न्हाय. हां, बोल.

दिग्विजय (फोनवर): आये, काय झालं? अजून नवी पेठेतच हायसा? मला जेवणाच्या सुट्टीत जरा वेळ मिळालाय. कारखान्यात लई आवाज हाय, मोठ्यानं बोल.

महानंदा: हे अण्णा हायत, त्यांच्यासंगं बोल.

दिग्विजय: काय निघालं अण्णा? ह्या खेपेला काय दाबलं हिनं?

गुरुसिद्धप्पा: काही दाबलं नाही. चालू असताना लाइट गेली, विंडोज बसलं. टाकतोय नवं.

दिग्विजय: म्हंजे परत लाइट गेली की परत बसणार?

गुरुसिद्धप्पा: बसू शकतं.

दिग्विजय: मग काय अर्थ हाय? आमच्या गल्लीत लाइटचा भरवसा हाय व्हय? नको मग. येडू न्यायला तयार हाय तोवर दिऊन टाकतो. अण्णा, विंडोज-बिंडोज काय टाकू नका.

रेश्मा: मला पाहिजे आहे तो कॉम्प्युटर.

दिग्विजय: रेश्मा, मी काय वैरी हाय का तुझा? मीच आणला की. हौसेनं आणला. पण कामावरनं आलो की तुझे डोळे सुजल्याले बघायचे, हे मला नको. पेपर गेला म्हणून रडती, सर बोललं म्हणून रडती. सोड. नाही जमत तर नाही जमत. तुला तो बंद-चालू करायचा सुधरंना.

रेश्मा: तुम्ही दाखवलं तसंच करत होते.

दिग्विजय: मी काय दाखवलं?

रेश्मा: पडद्याचं बटण. आणला त्या दिवशी तुम्हीच म्हणालात, हे दाबलं की बंद, परत दाबलं की चालू, लई सोपं हाय.

दिग्विजय: मग होतंय की बंद.

गुरुसिद्धप्पा: होत नाही.

दिग्विजय: आं?

गुरुसिद्धप्पा: पडदा बंद होतोय. कॉम्प्युटर चालूच राहतोय. रात्रभर. अव्वांनी तुम्हाला सांगितलं होतं म्हणे, घुमतोय म्हणून.

दिग्विजय: ते कान वाजत्यात म्हणली का काय म्हणली होती ती.

महानंदा: कान वाजत्यात म्या न्हाय म्हनलं. तू म्हनलास.

दिग्विजय: बरं, असंल. ते राहू दे. पण लाइटीचं काय करायचं? ती तर जाणारच. मी येडूला शब्द दिलाय.

महानंदा: दिग्विजय, लाइट जात न्हाय.

दिग्विजय: आत्ता तर अण्णा म्हणलं.

महानंदा: अण्णा माज्या सांगन्यावरनं म्हनलं. लाइट मी घालवते. सोमवारी सोमवारी भिताडाचं बटन बंद करते मी, डब्याला इसावा म्हनून. त्यानं हिचं लिवल्यालं गेलं दर बारीला. पावसाळ्यापासनं. आपलंच दात आन् आपलंच ओट, म्हनून गप बसाया बगत हुते. पर हिचं काय बी चुकल्यालं न्हाय. पेपर बी हिनं एकदा सोडून दोन-दोन बारीला लिवलाय, आन् बोल बी हिनंच खाल्लंय. तुजं बी आन् त्या सराचं बी.

दिग्विजय: आये, तुला किती बारी सांगितलंय? मिक्सर झाला, आता हे. समजत नाही तर कशाला हात लावतीस तू? कुठल्याच बटनाला हात लावायचा नाही म्हणलो होतो का नाही मी?

महानंदा: म्हनला हुतास.

दिग्विजय: दादाकडं पोचवीन म्हणलो होतो.

महानंदा: ते बी म्हनला हुतास. पोचीव. माजी पिशवी भरायला येळ लागत न्हाय. पर मशीन जायची न्हाय.

दिग्विजय: हे तू कोण ठरवणार?

महानंदा: मी न्हाय ठरवत. बाजारातनं बैल कुनी बी आनतंय, दिग्विजय. पहाटं उटून राबवतंय त्याचा असतोय त्यो. तू आनलास, राबवती ती. येडूला फोन कर आन् सांग, येऊ नगंस म्हनून. तुला लाज वाटत आसंल तर मी सांगते.

दिग्विजय: रेश्मा?

रेश्मा: मी ऐकतेय.

दिग्विजय: तुला काय म्हणायचंय?

रेश्मा: कॉम्प्युटर माझ्याकडं राहणार. आणि आत्या कुठं जाणार नाहीत. त्या गेल्या तर दुपारी पोरीला शाळेतनं कोण आणणार, हा तुमचा विचार तुम्ही करा. पण मी त्यासाठी म्हणत नाही. माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो मला घरात त्या समोर असतानाच काढायचाय.

महानंदा: काड की. मी कुटं न्हाय म्हनले.

दिग्विजय: अण्णा, तुमी काय म्हणता?

गुरुसिद्धप्पा: मी दुकानदार आहे. विंडोज टाकू का नको, तेवढं सांगा.

दिग्विजय: टाका.

गुरुसिद्धप्पा: टाकलंच आहे. अर्धं झालंय.

दिग्विजय: येडूला सांगतो मी. आये, तू पण परत त्या बटनाला हात लावू नको. शिकून घे नाहीतर. आता भोंगा होईल, ठेवतो. रात्री जेवायला काय करणार हाय तेवढं सांगा. मला आज लई भूक लागलीय.

महानंदा: काय न्हाय करनार. हिला पेपर लिवायचाय. येताना बाहेरनं घिऊन ये समद्यांना.

दिग्विजय: बाहेरनं? कशाला? घरात पीठ नाही का?

महानंदा: पीट हाय. आज चुलीचा सोमवार हाय.

दिग्विजय: आये, आज गुरुवार हाय.

महानंदा: ठावं हाय मला.